दादोबा पांडुरंग तर्खडकर : मराठी आणि इंग्रजी व्याकरणाचे आद्य शिक्षक

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ही शब्दांच्या आठ जातींची यादी ज्या मराठी माणसाने शाळेत पाठ केली आहे, तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा ऋणी आहे. बहुतेकांना या ऋणाची जाणीव नसते, एवढेच. जुन्या पिढीतील वाचकांना तर्खडकर हे आडनाव ऐकताच इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला आठवते. पण तिचे कर्ते द्वारकानाथ तर्खडकर हे वेगळे गृहस्थ. दादोबांचे कार्य त्या पाठमालेच्या आधीचे आणि अधिक मूलगामी आहे. वाक्य म्हणजे काय, त्यात कर्ता कोठे असतो, क्रियापद कोणाच्या मागे जाते, या प्रश्नांची उत्तरे मराठी मुलांना मराठीतून मिळावीत म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. आणि तेच प्रश्न इंग्रजी भाषेविषयीही मराठीतूनच सोडवून दाखविले.

दादोबांचे आयुष्य मुंबई, माळव्यातील जावरा, सुरत आणि अहमदनगर येथे गेले. निजामाच्या राज्याशी त्यांचे नाव जोडलेले नाही. तरीही हैदराबादच्या मराठी वाचकाला त्यांचे चरित्र परके वाटू नये. येथील मराठी कुटुंबाला घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात व कचेरीत उर्दू आणि उच्च शिक्षणात इंग्रजी अशा चार भाषांशी एकाच दिवसात व्यवहार करावा लागला आहे. एका भाषेच्या वाटेने दुसऱ्या भाषेत शिरताना काय अडते, याचा अनुभव या शहराइतका क्वचितच कोठे मिळेल. दादोबांची सारी साधना त्या अडथळ्याशीच झुंजण्यात गेली.

तर्खडकर घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे, वैश्य ज्ञातीचे. दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदा. तीन भावांपैकी दादोबा थोरले. त्यांच्या पाठचे भास्कर आणि त्यानंतरचे आत्माराम, हे दोघेही पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात आपापल्या परीने नामांकित झाले. पेशवाईचा अस्त झाला तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. म्हणजे त्यांची पिढी ही नव्या राजवटीत डोळे उघडणारी पहिली पिढी. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवून सुरुवात करावी आणि पुढे गोऱ्या शिक्षकापुढे बसून इंग्रजी ग्रंथ वाचावेत, असे दोन टोकांचे शिक्षण या पिढीला एकाच बालपणात मिळाले.

मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक संस्था स्थापन झाली होती; तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या शाळेत दादोबा इंग्रजी शिकले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर त्यांना दोनच वर्षांनी वडील. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत जांभेकरांचे 'दर्पण' मराठी व इंग्रजी असे दोन भाषांचे स्तंभ शेजारी शेजारी छापून निघू लागले. शब्दाला शब्द मिळू लागला होता. पण वाक्याला वाक्य कसे मिळवावे, हे सांगणारे साधन मराठी मुलाच्या हाती नव्हते.

मराठीची व्याकरणे त्याआधी झालीच नव्हती असे नाही. विल्यम केरीने १८०५ साली आणि स्टीव्हन्सनने १८३३ साली मराठीचे व्याकरण लिहिले होते. परंतु ती पुस्तके इंग्रजीत होती आणि मराठी शिकू पाहणाऱ्या परदेशी माणसासाठी होती. मराठी बोलणाऱ्यालाच त्याच्या भाषेची रचना उलगडून दाखवावी, हा हेतू त्यांत असण्याचे कारण नव्हते. एकीकडे शास्त्रीमंडळी व्याकरण म्हणजे संस्कृताचेच असे मानीत. रोज बोलावयाच्या प्राकृत भाषेला नियम कसले, असा त्यांचा भाव असे. दुसरीकडे इंग्रजी शाळेतील मुले परक्या भाषेतील कर्ता, कर्म, क्रियापद ओळखायला शिकत आणि स्वतःच्या भाषेतील वाक्याबद्दल मात्र काहीच सांगू शकत नसत. ही उणीव दादोबांना विद्यार्थिदशेतच जाणवली.

त्यांनी ती भरून काढली ती वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हा त्यांचा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला. गंगाधरशास्त्री फडके यांचे मराठी व्याकरणही त्याच वर्षीचे. पण शाळांतून रुजले ते दादोबांचे. पहिल्या आवृत्तीची मांडणी प्रश्नोत्तररूप होती. १८५० मध्ये दादोबांनी ग्रंथ नव्याने लिहून वाढविला आणि पुढेही ते तो सुधारीत राहिले. एकदा लिहिलेले पुस्तक शेवटचे मानावयाचे नाही, ही त्यांची वृत्ती लक्षात घेण्यासारखी आहे.

या व्याकरणाची घडण पाहिली म्हणजे लेखकाच्या शिक्षणाचा माग लागतो. इंग्रजी शाळांतून त्या काळी लिंडले मरे याच्या व्याकरणाचे राज्य होते. मरे जन्माने अमेरिकन. इंग्लंडात यॉर्क येथे स्थायिक झाल्यावर तेथील एका मुलींच्या शाळेसाठी त्याने हे पुस्तक लिहिले आणि १७९५ साली ते प्रसिद्ध झाले. वर्ण, शब्द, वाक्य आणि छंद असे त्याचे चार विभाग होते. दादोबांच्या ग्रंथातही विचार याच वाटेने चालतो. मरेने इंग्रजी शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. त्यांतील पहिली जात म्हणजे 'अ', 'अॅन' आणि 'द' ही उपपदे. मराठीत त्यांना जागाच नाही. ती वगळली की आठ उरतात, आणि मराठी शाळेत आजवर चालत आलेल्या जाती आठच आहेत. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग आहेत. दादोबांनी संस्कृताची परिभाषा घेतली, पण तिला चौकट दिली ती इंग्रजीची.

येथे एक गंमत ध्यानात येते. मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा साचाही मूळचा इंग्रजीचा नव्हता. लॅटिन शिकविण्यासाठी शतकानुशतके वापरलेला साचा इंग्रज वैयाकरणांनी आपल्या भाषेवर बसविला होता. म्हणजे मराठीला ज्या मापाने मोजले ते माप इंग्रजीनेही उसनेच आणलेले होते. तेलुगूत चिन्नय सूरींनी १८५८ साली 'बालव्याकरणमु' रचले, त्याचा आदर्श संस्कृत होता. मौलवी अब्दुल हक यांचे उर्दू व्याकरण १९१४ सालचे. प्रत्येक भाषेला स्वतःचा चेहरा पाहण्यासाठी प्रथम दुसऱ्याचा आरसा मागून आणावा लागला, असेच इतिहास सांगतो.

ग्रंथामुळे नाव झाले, तरी पोटासाठी नोकरी करणे भागच होते. जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून दादोबांनी काही काळ काढला. नंतर ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत गेले. तेथे त्यांच्या आयुष्याला दुसरे वळण लागले. २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन झाली. दुर्गाराम मंछाराम मेहता, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास असे 'द' या अक्षराने नाव सुरू होणारे पाच जण तिचे आधारस्तंभ होते. ईश्वर एक, माणसाची जात एक, आणि धर्माची कसोटी विवेक, असा या सभेचा रोख होता. वाक्यातील प्रत्येक शब्दाला त्याच्या जागेचे कारण विचारणारा हा शिक्षक आता रूढींनाही कारण विचारू लागला होता.

१८४६ साली ते मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासचे प्रमुख झाले. मराठी शाळांतून शिकविणारे शिक्षकच त्यांच्या हाताखालून जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे व्याकरणही गावोगाव पोहोचले. १८४८ साली स्थापन झालेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेच्या कार्यातही ते अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी मुंबईत परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. विचारांचे अधिष्ठान मात्र मुख्यतः दादोबांचे. ही सभा गुप्त होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला त्या काळी निषिद्ध मानलेला पाव खाऊन जातिबंधन मोडल्याची खूण द्यावी लागे.

दादोबांच्या स्वभावातील एक मोठा विरोध येथे दिसतो. व्याकरणाच्या ग्रंथावर त्यांनी अभिमानाने आपले नाव घातले. परंतु १८४३ च्या सुमारास लिहिलेले 'धर्मविवेचन' त्यांनी पंचवीस वर्षे छापले नाही. आणि १८६८ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर 'एक जगद्वासी आर्य' एवढीच सही होती. समाज विचारांनी तयार होईपर्यंत उघड बंड करू नये, असे परमहंस मंडळींचे धोरण होते. त्या धोरणाची किंमतही मोजावी लागली. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली, मंडळी भयभीत झाली आणि सभा विस्कळीत झाली. जातिबहिष्काराचे भय त्या काळी किती खरे होते हे ज्यांना ठाऊक आहे, ते दादोबांच्या सावधपणाला भित्रेपणा म्हणण्याची घाई करणार नाहीत. पण सत्य ठाऊक असूनही ते टोपणनावाने सांगावे लागले, ही खंत त्या पिढीच्या सगळ्याच चरित्रांत उरते. परमहंस सभेच्या राखेतूनच १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला. तो उघड होता, आणि त्याच्या संस्थापकांत धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रमुख होते.

दरम्यान १८५२ साली दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरला गेले. १८५७ च्या धामधुमीत तिकडे भिल्लांचे बंड झाले. ते मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. याच घराण्यातील भास्कर पांडुरंगांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट' या पत्रात 'अ हिंदू' या नावाने कंपनी सरकारच्या लुटीवर कठोर टीका करणारी इंग्रजी पत्रे प्रसिद्ध झाली. ती भास्करांची असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. भास्कर १८४७ मध्ये ऐन तारुण्यात वारले. एकाच घरात शिकलेले इंग्रजी एका भावाला राज्यकर्त्यांवर आरोपपत्र लिहिण्यास उपयोगी पडले आणि दुसऱ्याला त्याच राज्यकर्त्यांचा अधिकारी होण्यास. भाषा हे साधन आहे, ते कोणत्या कामी लावावयाचे हे माणसावर अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१८६० साली दादोबांचे 'इंग्रजी व्याकरणाची पूर्वपीठिका' हे पुस्तक बाहेर पडले. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तीनच वर्षे झाली होती. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची संख्या वाढत होती, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी इंग्रजीचा गंधही नव्हता. अशा मुलाला काय अडत असे, ते आजही कोणत्याही शिक्षकाला सांगता येईल. मराठीत वाघाने हरणास मारले म्हणा किंवा हरणास वाघाने मारले म्हणा, मरते ते हरीणच. कारण कोणी मारले आणि कोणास मारले हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत ही कामगिरी प्रत्ययांकडे नाही, ती जागेकडे आहे. क्रियापदाच्या आधी बसेल तो मारणारा, नंतर येईल तो मरणारा. शब्दांची अदलाबदल झाली की वाघाचा जीव जातो. मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही भाषांत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्ता आणि कर्म यांच्या मध्ये उभे असते. आपण घरावर म्हणतो, इंग्रज 'वर' आधी म्हणतो आणि 'घर' नंतर. आपण वाक्याच्या शेवटी 'का' जोडून प्रश्न करतो. इंग्रज साहाय्यक क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे नेतो.

याहून अवघड भाग प्रयोगाचा. मुलगा आंबा खातो, येथे क्रियापद मुलाच्या मागे जाते. मुलाने पोळी खाल्ली, येथे ते पोळीच्या मागे जाते. मुलाने मांजरीला मारले, येथे ते कोणाच्याच मागे जात नाही. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे भेद मराठीच्या हाडामांसाचे आहेत. इंग्रजी मुलाचे भूतकाळी क्रियापद मात्र आंबा काय आणि पोळी काय, दोन्हींच्या बाबतीत तसूभरही बदलत नाही. ज्याला स्वतःच्या भाषेतील ही व्यवस्था उमगली आहे त्यालाच दुसऱ्या भाषेतील वेगळी व्यवस्था दाखविता येते. नुसते शब्द घोकणारा मुलगा मराठी वाक्यावर इंग्रजी शब्द ठेवत जातो आणि फसतो. म्हणून आधी मराठी व्याकरण आणि मग त्याच्या परिभाषेतून इंग्रजी व्याकरण, हा दादोबांच्या दोन पुस्तकांनी आखून दिलेला क्रम शिक्षणदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे.

हैदराबादच्या वाचकाला याचे मर्म विशेष कळेल. उस्मानिया विद्यापीठाची उभारणी होत असताना १९१७ साली येथे भाषांतर विभाग निघाला. शास्त्रे देशी भाषेतून शिकवावयाची तर प्रथम परिभाषा हवी, हे ओळखून त्याने उर्दू संज्ञा घडविल्या, आणि विद्यापीठाने इंग्रजी हा विषयही आवश्यक ठेवला. पुढे १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनाचा शास्त्रशुद्ध विचार करणारी केंद्रीय संस्थाही याच शहरात स्थापन झाली. परक्या भाषेकडे स्वभाषेच्या दारातून जावे, की ती थेट तिच्याच तोंडून शिकावी, हा वाद तेव्हाही होता आणि अजूनही मिटलेला नाही. दादोबांनी त्यातील एक बाजू शंभर वर्षे आधी स्वतःच्या कृतीने मांडून ठेवली होती.

त्यांच्या व्याकरणावर टीकाही पुष्कळ झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांची चिकित्सा केली. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या प्रचंड ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांची छाननी करून मराठीचा अधिक खोल विचार मांडला. इंग्रजी साच्यात मराठी बसविताना तिची काही वैशिष्ट्ये दबली, हा आक्षेप पुढील अभ्यासकांनी वारंवार घेतला आहे आणि त्यात तथ्य आहे. मला आंबा आवडतो या साध्या वाक्यात कर्ता कोण, मी की आंबा, असे विचारले तर इंग्रजी साचा एक उत्तर देतो आणि मराठीचे प्रत्यय दुसरेच सुचवितात. परंतु हा वाद घालता यावा म्हणून आधी कर्ता, कर्म, प्रयोग ही भाषा मराठी शाळेत रूढ होणे आवश्यक होते. टीकाकारांनी दादोबांना ज्या शस्त्रांनी घेरले, त्यांतील बरीचशी दादोबांच्याच पुस्तकाने मराठी शाळेत पोहोचविली होती.

उत्तरायुष्यात दादोबा धर्मचिंतनाकडे अधिक वळले. मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची टीका १८६५ साली प्रसिद्ध झाली. आई आणि वडील या दोघांची नावे एकत्र गुंफून त्यांनी तिला 'यशोदा पांडुरंगी' असे नाव दिले. स्वीडनमधील तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग याच्या ग्रंथांवरील आपले विचार त्यांनी १८७८ साली इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने मांडले. ज्या भाषेच्या वाक्यरचनेशी लहानपणी झटापट केली, तिच्यातूनच युरोपच्या अध्यात्मविचारावर बोलण्याइतका अधिकार त्यांनी चौसष्टाव्या वर्षी मिळविलेला होता. योगायोग असा, की त्याच वर्षी विलायतेस निघालेले तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी संभाषणाचा सराव करण्यासाठी मुंबईत आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिले, आणि त्यांना इंग्रजीचे धडे दिले ते आत्मारामांच्या कन्या अन्नपूर्णा यांनी. तर्खडकरांच्या घरात इंग्रजी आता मुलींच्याही जिभेवर आली होती.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र १८४७ पर्यंत येऊन थांबते. अनंत काकबा प्रियोळकरांनी परिश्रमपूर्वक संपादन करून ते १९४७ साली प्रकाशात आणले, म्हणून त्या काळातील शाळा, शिक्षक आणि मुंबईचे लोकजीवन आज आपल्याला दिसू शकते. मराठी ग्रंथालयाच्या कपाटात दादोबांचे व्याकरण सहसा दामल्यांच्या जाडजूड ग्रंथाच्या आसपास, धूळ झेललेले असे सापडते. त्यातील नियम आता कोणी पाठ करीत नाही. मात्र एखादे मूल वहीत वाक्य लिहून त्यातील कर्त्याखाली एक रेघ आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढू लागते, तेव्हा ते बाविसाव्या वर्षी दादोबांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालत असते.